मागचे दिवे

"दिवे घाटातच दिवे गेले, चाचा,"
असं अश्लेषा धायगुडे म्हणाली, आणि हसली नाही.
नाना पेठेत रात्रीचे पावणेनऊ.
समोरच्या बेअरिंगवाल्यानं अर्धं शटर ओढलेलं.
तिच्या पिकअपच्या मागं ट्रेलर,
ट्रेलरवर मधमाश्यांच्या छत्तीस पेट्या,
तोंडांना जाळ्या ठोकलेल्या.
अंधार पडून सगळ्या घरी परतल्या
की मगच त्यांना हलवतात,
म्हणजे हिचा सगळा प्रवास रात्रीचाच.

मी गाडीखाली शिरलो.
कुणीतरी टेललाइटची वायर दातानं सोलून
तिलाच ट्रेलरची वायर पिळली होती,
वर काळी टेप, उन्हानं चिकट झालेली.
केसाएवढी तार. तिनं गाडीचे दिवे ओढायचे
आणि वर पाहुण्यांचेही.
वितळली बिचारी.
"कुणी केलं?"
"माझ्या भावानं."
मग मी पुढं काही बोललो नाही.

ऐक, म्हटलं, टेललाइटकडून आपण
फक्त निरोप घ्यायचा:
ब्रेक दाबला, डावीकडं वळतोय, एवढंच.
करंट मागायचा बॅटरीकडं.
मधे हा रिले.
निरोप आला की टक् करून दार उघडतो,
निरोप थांबला की दार बंद.
असे चार.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, निळा, पंधराचा.
इथंच का? ट्रेलरजवळ का नाही?
कारण फ्यूजच्या अलीकडं जे घासेल, जळेल,
त्याला कुणी वाली नाही.
जाड लाल वायर, वरून नळी,
पत्र्याच्या भोकात रबराचं बूच
(भोकाच्या कडा म्हणजे सुऱ्याच),
सायलेन्सरपासून लांब, दर वीतभर एक पट्टी.
आणि अर्थिंगची पांढरी वायर वेगळी, थेट चासीला.
हुकच्या गोळ्यावर भरवसा नाही,
त्याला ग्रीस असतं, गंज असतो,
खड्ड्यात तो उडी मारतो
आणि सगळे दिवे एकदम डोळे मिचकावतात.

डाग देताना राळेचा धूर वर गेला.
पेट्यांमधून घूं वाढली.
"धूर ओळखतात," ती म्हणाली,
आणि एका पेटीवर तळहात ठेवून उभी राहिली,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

सव्वाअकरा. ती सीटवर, मी मागं.
ब्रेक. हां. डावा. हां. उजवा...
उजवा लागेना.
सात पिनांच्या सॉकेटात एक पिन आत दबलेली.
चिमट्यानं ओढली. हां.

मग मी पेचकस घेतला
आणि ट्रेलरची चालू वायर मुद्दाम चासीला लावली.
चट्. ट्रेलर काळाठिक्कर.
"अहो! मोडलंत की!"
"तुझी गाडी बघ."
गाडीचे दोन्ही दिवे शांत, लाल, जागच्या जागी.
ती खाली उतरली, दोनदा फिरून बघून आली.
मी नवा निळा फ्यूज बसवला,
दोन जादा तिच्या हातावर ठेवले:
"तीसचा घालू नको, कुणीही सांगितलं तरी.
भावानं तर मुळीच नाही."
आता हसली.

स्वतःच्या गाडीचा मागचा दिवा
चालवणाऱ्याला कधी दिसत नाही,
म्हणून मी स्कूटर काढली, तिच्या मागं निघालो.
भवानी पेठ, रामटेकडी, हडपसर,
प्रत्येक खड्ड्याला मी दिवे मोजत होतो.
चारच्या चार.
गाडीतळाला तिनं हॉर्न दिला,
उजवा इंडिकेटर देऊन सासवड रस्त्याला लागली,
आणि छत्तीस घरं अंधारातून
दोन लाल ठिपक्यांच्या आडोशानं गेली.

मी वळलो.
चौकात हवालदारानं शिट्टी मारली.
"काका, लायसन. आणि तुमचा मागचा दिवा
कुठं गहाण ठेवलाय?"
उतरून बघितलं.
बल्ब गेलेला. कधीपासून, अल्ला जाणे.
"धंदा काय तुमचा?"
मी म्हणालो, "बेअरिंगचं दुकान आहे."